फिकट करड्या चौकटी

ऐरोलीतल्या ऑफिसात मी चौकटी बनवते. घरी कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. मोबाईलवर कुठलंही अ‍ॅप उघडलं की ज्या रिकाम्या जागेत आपण नाव, नंबर, पत्ता टाइप करतो, ती चौकट. आमच्या बोलण्यात इनपुट. एका कंपनीची चार-पाच अ‍ॅप्स असली तर ती सगळीकडे वेगवेगळी दिसू नये म्हणून तिचा एकच नमुना ठरवतात, त्याचे सगळे प्रकार एका पानावर मांडतात आणि पुढे प्रत्येकजण तिथूनच उचलतो. बटणं, याद्या, चौकटी अशा ठरवून ठेवलेल्या नमुन्यांच्या संचाला डिझाइन सिस्टिम म्हणतात. चौकट दिसायला साधी, पण तिचे प्रकार बरेच. रिकामी. बोट टेकवल्यावर कडा उजळलेली. भरलेली. काहीतरी चुकलं म्हणून लाल झालेली. हात लावता येणार नाही अशी बंद. पासवर्डची वेगळी, फोन नंबरची वेगळी.

दोनेक वर्षांपूर्वी हे काम आम्ही रक्त तपासणाऱ्या लॅबच्या एका साखळीसाठी सुरू केलं. लोकांनी घरबसल्या तपासणी बुक करायची, रिपोर्ट मोबाईलवर बघायचे. टीम लहान होती. कोड लिहायला मी, रंगरूप ठरवायला ठाण्याहून येणारा एक डिझायनर आणि आम्हा दोघांवर आमची लीड. ती चाळिशी ओलांडलेली, ऐरोलीतच एका सोसायटीत राहणारी. नवरा जहाजावर, वर्षातला बराच काळ बाहेर, मुलगी बारावीला. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारायचे, पण मी तिला पहिल्या दिवसापासून ताई म्हणत आले आणि तिनेही कधी हरकत घेतली नाही. तिच्यावर मॅनेजर. त्यांना मात्र सगळेच सर म्हणायचे.

भांडण सुरू झालं ते करड्या रंगावरून. रिकाम्या चौकटीत 'तुमचं नाव लिहा' अशी पुसट अक्षरं असतात. डिझायनरने ती इतकी फिकट ठेवली होती की पांढऱ्यावर जेमतेम उमटलेली दिसत. चौकटीची कडासुद्धा तशीच, केसासारखी बारीक. सरांना ते फार आवडलं होतं. "क्लीन दिसतंय," ते म्हणायचे. "हलकं वाटतंय."

ताई मात्र रोज एकच घोषा लावायची. "गडद कर."

"अजून गडद केलं तर सरकारी फॉर्म दिसेल तो," डिझायनर म्हणाला.

"दिसू दे. दिसेल तरी."

सुरुवातीला मला वाटलं, ही दोघांच्या आवडीनिवडीची रस्सीखेच आहे. ताई हट्टी होती हे सगळ्यांना माहीत होतं. पण मग मला बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. ती स्क्रीनवरचं सगळं दुप्पट मोठं करून बघायची आणि कुणी मागे आलं की पटकन लहान करायची. मीटिंग रूमच्या काचेच्या दाराला तिचा खांदा दोनदा लागला. दिघ्याच्या बाजूला तिची बहीण राहायची, तिकडे ती स्कूटरने जायची. ती स्कूटर सोसायटीच्या आवारात धूळ खात पडलेली मीच बघितली होती. आणि एके दिवशी तिने माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "ही बंदवाली आहे ना?" ती रिकामी चौकट होती. दोघींमध्ये फरक फक्त फिकट आणि जरा जास्त फिकट एवढाच होता, म्हणून मी "नाही, पलीकडची" म्हणून सोडून दिलं. पण तिचा चेहरा उतरलेला माझ्या नजरेतून सुटला नाही.

त्या आठवड्यात आम्ही दोघी संध्याकाळी ऑफिसातून एकत्र निघालो. मी घणसोली गावात आई-बाबांसोबत भाड्याच्या खोलीत राहते, त्यामुळे स्टेशनपर्यंत आमची वाट एकच. स्टेशनच्या जिन्याशी ती थांबली. कठडा धरला आणि पहिली पायरी बुटाच्या टोकाने चाचपली. मग दुसरी. दिवेलागण झाली होती, पण अंधार नव्हता. मी वर चढून गेले होते ते परत खाली आले आणि तिचा दंड धरला. तिने सोडवून घेतला नाही.

वर फलाटावरच्या बाकावर बसल्यावर तिने पर्समधून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढली.

"काचबिंदू आहे," ती म्हणाली. "बाजूचं आधी जातं. मधलं दिसतं अजून, पण सगळं जरा धुक्यातल्यासारखं. फिकट रंग तर नाहीतच माझ्यासाठी."

"ऑपरेशन नाही होत?"

"झालं एका डोळ्याचं. गेलंय ते परत येत नाही. आहे ते टिकवायचं."

गाडी आली आणि गेली, आम्ही चढलो नाही; तिला तर चढायचंच नव्हतं, ती मला सोडायला म्हणून वर आली होती. मग ती म्हणाली, "कोणाला सांगू नकोस. डिझायनिंगच्या टीमवर डोळे अधू असलेली बाई कोण ठेवेल? मुलीचं वर्ष होऊ दे, मग मीच सांगीन."

मी हो म्हटलं. तेव्हापासून ऑफिसात माझं अर्धं लक्ष माझ्या कामात आणि अर्धं तिच्याकडे. कुणी तिच्या टेबलावर चहाचा कप ठेवला की तो मी सरकवून तिच्यासमोर आणायचे. कुणी लांबून हात केला आणि तिने उत्तर दिलं नाही की मी काहीतरी कारण सांगायचे. एकदा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तिचं काय चाललंय? तू बरोबर असतेस. मेल उशिरा येतात, रिव्ह्यूमध्ये चुका राहतात. घरी काही टेन्शन आहे का?"

"माहीत नाही, सर," मी म्हणाले.

"क्लायंट ऑफिसात येतोय. सगळ्या चौकटींचे नमुने ती दाखवणार आहे. मला तिथे काही गडबड नकोय."

खरं सांगितलं तर तिचा विश्वास जातो, नाही सांगितलं तर सगळ्यांसमोर तिचीच फजिती होते. मी ताईला विचारलं, "डेमो मी देऊ का?"

"नको. पहिल्यांदा मी मागे सरकले की कायमची सरकले." थोड्या वेळाने म्हणाली, "मी पान पाठ करते."

आणि तिने खरंच पाठ केलं. चौकटींचे प्रकार मांडलेलं ते पान आम्ही आडव्या ओळींत लावलं होतं. पहिल्या ओळीत डावीकडून रिकामी, उजळलेली, भरलेली, लाल, बंद. खालच्या ओळीत सूचना जोडलेल्या, त्याखाली पासवर्ड आणि फोन. दुपारी जेवणाच्या वेळी सगळे खाली गेले की आम्ही दोघी कॉन्फरन्स रूममध्ये बसायचो. ती मोठ्या स्क्रीनकडे न बघता बोलायची आणि माऊस बरोबर त्या जागी न्यायची. कुठे थांबायचं, कुठे क्लिक केलं की लाल कडा दाखवायची, सगळं तिच्या हाताला माहीत झालं होतं. मी समोर बसून फक्त मान डोलवायचे. ते तिला कधी दिसायचं, कधी नाही. मग मला आवाजात "हं" म्हणायची सवय लागली.

डेमोच्या दिवशी सकाळी मी माझ्या जागेवर बसून ते पान सहज उघडलं. ओळी बदलल्या होत्या.

मी डिझायनरकडे गेले. "हे कोणी केलं?"

"सरांनी काल सांगितलं, आकाराप्रमाणे लाव म्हणून. लहान, मध्यम, मोठी. प्रत्येकीत सगळे प्रकार. आणि बंदवाली आधी घेतली, क्लायंटने तिच्याबद्दलच विचारलं होतं." त्याने वर बघितलं. "का, काय झालं?"

मी कॉन्फरन्स रूमकडे धावले. काचेतून दिसलं, ताई लॅपटॉप लावून उभी होती आणि सर पाहुण्यांना खुर्च्या दाखवत होते. लॅबकडून दोघं आले होते. अ‍ॅपचं काम बघणारी एक बाई आणि साखळीतले एक वयस्कर डॉक्टर. मी दाराशीच फोन काढून मेसेज टाकला, 'पान बदललंय, ओळी वेगळ्या.' तिचा फोन टेबलावर उलटा पडला होता. तो थरथरला, तिने उचलला नाही. उचलला असता तरी त्या दोघांसमोर तिला तो डोळ्यांशी नेऊन वाचावा लागला असता.

मी आत शिरले आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढली. "ताई, माऊस मी चालवू?" हळूच म्हणाले.

"नको गं, जमतंय." ती हसली सुद्धा. तिला वाटलं मी नुसती घाबरलेय.

बोलणं इंग्रजीत होतं. मला आठवतं ते मी माझ्या भाषेत लिहितेय. सुरुवात तिने फार चांगली केली. एकच चौकट सगळीकडे असली की म्हाताऱ्या माणसाला दर वेळी नव्याने शिकावं लागत नाही, हे तिने डॉक्टरांकडे बघून सांगितलं आणि त्यांनी मान हलवली. मग तिने पान उघडलं. माझी नजर स्क्रीनवर खिळली होती. माऊस पहिल्या जागी गेला.

"ही रिकामी," ती म्हणाली.

ती बंद होती. दोन्ही फिकट करड्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माऊस पुढे सरकला. "इथे बोट टेकवलं की कडा उजळते." तिने क्लिक केलं. ती रिकामी होती, त्यामुळे कडा उजळली. पुढची भरलेली निघायला हवी होती, पण ती उजळलेली निघाली. तिच्यावरून ती भराभर पुढे गेली. सर खुर्चीत पुढे झुकले.

"आणि ही चुकलेली," ताई म्हणाली. "लाल कडा आहे आणि खाली का चुकलं ते लिहिलेलं आहे."

माऊस एका भरलेल्या चौकटीवर थांबला होता. लाल काहीच नव्हतं. लाल चौकट तिच्या शेजारीच होती.

"ही तर नॉर्मल आहे ना?" लॅबची बाई म्हणाली.

ताई थांबली. तिने स्क्रीनकडे पाहिलं, अगदी टक लावून. मानेचा तो कोन मला आता ओळखू यायचा. मधल्या उरलेल्या नजरेने ती शोधत होती. मला राहवलं नाही. "सॉरी, पान आज सकाळी बदललंय," मी म्हणाले. सरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. ताईने टेबलाखाली माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मला ती चौकट दिसत नाहीये," ती म्हणाली.

मग डॉक्टर चष्मा काढून पुसत म्हणाले, "खरं सांगू का, मलाही पहिल्या तीन सारख्याच वाटतायत. मी म्हटलं आपलंच वय झालं." बाई स्क्रीनजवळ गेली, मागे सरकली, पुन्हा जवळ गेली. आमच्याकडे येणारे निम्मे पेशंट साठीच्या पुढचे असतात, असं ती सरांना म्हणाली. त्यानंतरचा सगळा वेळ रंगांवरच गेला. किती गडद करायचं, कडा किती जाड, लाल नुसता लाल ठेवून चालेल की शेजारी खूणही हवी. ताई शांतपणे उत्तरं देत होती. शेवटी बाई म्हणाली की हे सगळं पुन्हा करून आणा, त्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही.

पाहुणे लिफ्टने खाली गेले. सर परत आले ते तोंडभर हसत.

"काय पॉइंट काढलास," ते ताईला म्हणाले. "मुद्दाम चुकीची दाखवलीस ना? मला आधी सांगायचंस तरी. माझा जीव गेला होता."

मी तिच्याकडे बघत होते. इथे नुसतं हसून सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. सरांनी स्वतःच तिच्यासाठी दार उघडून दिलं होतं.

"मुद्दाम नाही दाखवली," ताई म्हणाली. "मला काचबिंदू आहे. मला खरंच दिसली नाही."

सरांचं हसू ओसरायला थोडा वेळ लागला. ते माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.

ते केबिनमध्ये गेले. ताईने लॅपटॉपची वायर काढली, गुंडाळायला घेतली, आणि ती गुंडाळी तिच्या हातून दोनदा सुटली. मी मदतीला गेले नाही. तिला ती स्वतः गुंडाळायची होती.

डिझायनर मला पॅन्ट्रीत भेटला. त्याला तोवर कळलं होतं. तो चिडेल असं मला वाटलं, कारण सगळं काम त्याच्या गळ्यात पुन्हा पडणार होतं. पण तो म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी ओळी हलवल्या नसत्या. मी रोज तिच्याशी भांडत होतो आणि तू बघत होतीस." शब्द तिला दिला होता, हे खरं. पण त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं.

पुढचे दिवस सगळे जपून बोलायचे. एचआरने तिच्याकडून डॉक्टरांचे कागद घेतले. कुणी वाईट वागलं नाही. तिच्या सोयीसाठी म्हणून क्लायंटच्या मीटिंगा तिच्याकडून काढल्या, मग तिच्या सोयीसाठीच रिव्ह्यू काढले, आणि एके दिवशी सरांनी मला सांगितलं की लीडचं काम आता तू बघ. मी ताईकडे गेले आणि ते सांगितलं. ती म्हणाली, "घे. नाहीतर बाहेरून कोणीतरी आणतील आणि तो परत सगळं फिकट करेल." नव्या गडद चौकटी तिने आणि डिझायनरने मिळून पुऱ्या केल्या. दोघं समोरासमोर बसून एकेक रंग पारखायचे. तो विचारायचा, "ही?" ती म्हणायची, "आहे," किंवा "नाही." मुलीची बारावी झाल्यावर तिने राजीनामा दिला.

मध्ये बरेच महिने गेले. अ‍ॅप लोकांच्या हातात गेलं, चाललं. एका रविवारी मी तिच्या घरी गेले. ऐरोलीच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत मिरचीच्या कुंड्या. तिची नजर आणखी उतरली होती. चहा तिनेच केला. कपात बोटाचं पेर घालून किती भरला ते ती बघायची. मोबाईल आता तिला वाचून दाखवत होता. स्क्रीनवर बोट फिरवलं की तिथे काय आहे ते एक आवाज भराभर बोलायचा. इतका भराभर की मला एक शब्द कळेना. तिला मात्र सगळं कळत होतं.

"आपलं अ‍ॅप बघ," ती म्हणाली. "शुगर तपासायची होती म्हणून उघडलं."

तिने बुकिंगचं पान उघडलं आणि आवाज सावकाश केला, मला कळावा म्हणून. बोट पहिल्या चौकटीवर गेलं.

"एडिट बॉक्स," फोन म्हणाला.

बोट खाली. "एडिट बॉक्स." आणखी खाली. "एडिट बॉक्स."

"यातला नावाचा कुठला?" ताईने विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती.

मी पडद्यावर बघितलं. प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर ठळक, गडद, सुरेख अक्षरांत लिहिलेलं होतं: नाव, मोबाईल नंबर, पत्ता. ते नुसतं वर ठेवलेलं होतं. कोडमध्ये ते त्या चौकटीला जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे आवाजाच्या लेखी ते तिथे नव्हतं. ते सगळे प्रकार आम्ही किती वेळा, किती जणांना दाखवले होते. कुणालाच ऐकवून पाहिले नव्हते. मी म्हणाले, "मग बुकिंग कसं केलंस?"

"मुलीने करून दिलं. पण ती होस्टेलला जाणार आहे."

सोमवारी मी ते सरांसमोर ठेवलं. ते म्हणाले, पुढच्या रिलीजला बघू. मी माझ्या फोनवर तो आवाज चालू केला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी स्वतः बोट फिरवलं. "एडिट बॉक्स, एडिट बॉक्स" हे ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "हे तपासायला तिलाच बोलवू. फुकट नाही, रीतसर. तू बोल तिच्याशी."

ताई लगेच हो म्हणाली नाही. तिने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "ऑफिसात येणार नाही. फोनवरून करीन."

नावं चौकटींना जोडून झाली. मग पहिली तपासणीची मीटिंग ठरली. लॅबची बाई आणि डॉक्टर कॉलवर, इकडे सर, डिझायनर आणि मी, आणि ताई तिच्या घरून. तिने अ‍ॅप उघडलं आणि तिच्या फोनचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू यायला लागला. नाव, मोबाईल नंबर, पत्ता, सगळं बरोबर बोललं. मग ओटीपीचं पान आलं. तिथे आम्ही प्रत्येक आकड्याला एक अशा छोट्या चौकटी ओळीने लावल्या होत्या, दिसायला देखण्या. एक आकडा टाकला की फोन पुढच्या चौकटीबद्दल बोलायला लागायचा, ते ऐकेपर्यंत ती कुठे आहे ते हरवायची, मागे यायची, आधीचा आकडा पुसला जायचा. आम्ही सगळे स्पीकरकडे बघत होतो. वेळ संपली.

"पुन्हा मागवते," ती म्हणाली.

दुसऱ्यांदाही वेळ संपली. लॅबची बाई म्हणाली, "राहू दे, आम्हाला समजलं." ताई म्हणाली, "थांबा, मला करू द्या." तिसऱ्यांदा आकडे वेळेत बसले आणि ती आत गेली. तिचा श्वास आम्हाला कॉलवर ऐकू येत होता.

मग डिझायनरने माईक चालू केला. "ताई, इतक्या चौकटींऐवजी एकच ठेवली तर?" तो तिला पहिल्यांदाच ताई म्हणाला होता.

"ठेवून बघ," ती म्हणाली. "मी आहे लाईनवर."

तो तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून बसला आणि मी कोड उघडला.